जुनी बाग, चालू मोहल्ला: मराठवाड्यातल्या गावभागातलं उद्यान लोकसहभागातून पुन्हा उभं करण्याची रीत

मराठवाड्यातल्या बहुतेक जुन्या शहरांच्या गावभागात एखादी तरी बाग असते. दगडी कोट, मोडकी कमान, मधोमध कोरडा हौद, कोपऱ्यात कचऱ्याने अर्धी भरलेली विहीर आणि तीन-चार जुनी चिंचेची किंवा वडाची झाडं. हिमायत बाग किंवा खुलताबादची बनी बेगम बाग अशी नावं सर्वांना ठाऊक असतात. पण हा लेख त्यांच्यासाठी नाही. एक-दोन एकरांची, कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत नसलेली, मोहल्ल्यापुरती बाग डोळ्यासमोर ठेवून तो लिहिला आहे.

अशा बागांचं सुशोभीकरण वारंवार होतं. पेव्हर ब्लॉक, लॉन, रंगीत कारंजं, उद्घाटनाची कोनशिला. दोन उन्हाळे जातात आणि बाग मूळ पदावर येते. पैसा कमी पडल्याने असं होतं असं म्हणणं सोपं आहे. खरं कारण दुसरं असतं: पाणी कुठून येणार आणि तिसऱ्या वर्षी माळ्याचा पगार कोण देणार, हे दोन प्रश्न कामाआधी कुणी कागदावर सोडवलेले नसतात. म्हणून इथला क्रम थोडा उलटा वाटेल. झाडं बरीच उशिरा येतात.

जागा कुणाची, हे आधी

सातबारा काढून समाधान मानू नका. गावठाणात आणि नगर भूमापन झालेल्या हद्दीत मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, पाहावं लागतं. ते नगर भूमापन कार्यालयात मिळतं. सोबत मोजणीचा अर्ज करा. जुन्या बागेच्या कोटाला लागून दुकानं, पत्र्याच्या टपऱ्या, कधी मागच्या घराची न्हाणी आलेली असते. काम सुरू झाल्यावर हद्दीचा वाद निघाला की काम थांबतं आणि भांडण मात्र चालू राहतं.

मराठवाड्याची गुंतागुंत वेगळी आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि दफ्तर उर्दूत. बागेची जमीन इनामी, देवस्थानची, वक्फची किंवा सर्फ-ए-खासची, म्हणजे निजामाच्या खासगी मालकीची, असू शकते. इनामाचा मूळ कागद मुंतखब. नंतरचा दुवा म्हणजे १९५४-५५चं खासरा पत्रक. जुन्या कागदांवर फसली साल, म्हणजे निजामाच्या दफ्तरातलं महसुली वर्ष, असतं. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतं. उर्दू वाचणारा जुना माणूस मोहल्ल्यातच सापडतो आणि त्याला पहिल्या दिवसापासून सोबत घेतलं तर पुढची बरीच कामं हलकी होतात. जागा वक्फची निघाली तर महानगरपालिकेशी करार करून भागत नाही. मुतवल्ली, म्हणजे वक्फची व्यवस्था पाहणारा, आणि वक्फ मंडळ यांची लेखी संमती लागते. देवस्थानची असेल तर विश्वस्तांची.

दुसरी तपासणी अंतराची. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय बांधता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीने हे कायद्यातच आलं आहे. बागेतली पहारेकऱ्याची खोलीही बांधकामच ठरते; सार्वजनिक शौचालय आणि लोकांच्या पाणीपुरवठ्याची कामं मात्र कायद्याच्या व्याख्येतून वगळली आहेत. छत्रपती संभाजीनगर, पैठण, धाराशिव अशा ठिकाणी हे अंतर नकाशावर टेपने मोजून पाहा, अंदाजाने नको. विकास आराखड्यात जागेवर उद्यानाचंच आरक्षण आहे ना, तेही त्याच फेरीत बघून घ्या.

आज बागेत कोण येतं

पडीक दिसणारी बाग रिकामी नसते. सकाळी सहाला चालणारे, अकराला सावलीत पत्ते कुटणारे, दुपारी शेळ्या, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट, रात्री नऊनंतर बाटल्या. एक आठवडा रोज या चार-पाच वेळांना कुणीतरी जाऊन मोजणी करावी: किती जण, बाया किती, वय साधारण काय, कुठे बसतात. साध्या वहीत, बागेचा हाताने काढलेला नकाशा समोर ठेवून. बाया कुठल्या वेळी अजिबात नसतात, ही नोंद सगळ्यात मोलाची. दिवे आणि बाक कुठे हवेत, हे त्यावरून ठरतं.

बैठक बागेतच घ्या, सभागृहात नाही. एकच बैठक घेतली तर पुरुष येतात आणि बोलतात. म्हणून बचत गटांच्या बायकांची दुपारी चारची वेगळी, शाळेतल्या मुलांची वेगळी, आणि तिन्हीसांजेची नमाज व आरती आटोपल्यावर सर्वांची. “तुम्हाला काय हवं?” असं विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे: ओपन जिम, लॉन, सेल्फी पॉइंट. “कशामुळे तुम्ही इथे येत नाही?” असं विचारा. मग खरं निघतं. फाटकाजवळ पोरं टोळक्याने उभी असतात, कुत्री आहेत, लघवीला जागा नाही, पावसाळ्यात चिखलात चप्पल रुतते.

पत्ते खेळणाऱ्यांना हाकलायचा ठराव पहिल्याच बैठकीत येतो. तो मंजूर करू नका. दिवसभर बागेत बसणारी माणसं म्हणजे बिनपगारी पहारा. त्यांना एक ठरलेला पार द्या, चाव्यांचा एक जुडगा त्यांच्यातल्या जबाबदार माणसाकडे द्या. रात्री बाटल्या घेऊन बसणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तो दिवे, कुलूप आणि बीट हवालदाराची नियमित फेरी यांनीच सुटतो, भाषणांनी नाही.

याच आठवड्यात झाडांची नोंद करून घ्या. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर बुंध्याचा घेर, फोटो, पोकळी किंवा वाळवी आहे का. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो. तोडणं तर सोडाच, मोठी फांदी उतरवायची तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. ठेकेदाराला हे आधी लेखी कळवलं नाही तर पहिल्याच दिवशी ‘साफसफाई’त चिंचेच्या फांद्या गाडीत भरून जातात.

करार

भागीदारी म्हणजे फोटोत एकत्र उभं राहणं नव्हे. कुठलं काम कुणाचं, याची यादी. मालकी पालिकेचीच राहते, मोहल्ला फक्त देखभाल आणि दैनंदिन चालवणं हाती घेतो. त्यासाठी नोंदणीकृत संस्था लागते. सोसायटी नोंदणीला किमान सात सभासद पुरतात आणि नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते. गणेश मंडळ, तालीम किंवा ज्येष्ठ नागरिक संघ आधीच नोंदलेला असेल तर नवी संस्था काढण्यात वेळ घालवू नका. मात्र एकाच समाजाच्या संस्थेच्या नावावर सगळं गेलं, तर दुसऱ्या गल्लीतले लोक पाय ठेवत नाहीत. कार्यकारिणीत बागेला लागून असलेल्या प्रत्येक गल्लीचा एक माणूस आणि निम्म्या बाया, एवढं ठरवूनच पुढे जा.

कराराचा मसुदा पालिकेच्या विधी विभागावर सोडू नका, आपणच लिहून न्या. त्यात हे असायलाच हवं:

- मुदत किमान पाच वर्षं. अकरा महिन्यांच्या कराराने झाड वाढत नाही.
- विजेचं बिल, पाणीपट्टी आणि टँकर कुणाच्या खर्चाने. “संयुक्तपणे” हा शब्द आला की समजा, कुणीच देणार नाही.
- माळी आणि पहारेकरी कुणाचे कर्मचारी. अपघात झाला तर जबाबदारी कुणाची.
- प्रवेश मोफत. प्रायोजकाच्या पाटीचं कमाल माप आणि संख्या. हे नसेल तर सहा महिन्यांत कोट जाहिरातींनी भरतो.
- लग्नाचा मांडव, राजकीय सभा, वाढदिवसाचा डीजे: परवानगी कोण देणार, आणि कुठल्या भागात मांडव कधीच नाही.
- पुतळा, नामकरण, नवीन पक्कं बांधकाम फक्त संस्था आणि पालिका दोघांच्या लेखी ठरावाने.
- करार मोडायचा झाल्यास तीन महिन्यांची नोटीस आणि अवजारं, पंप, ठिबक कुणाकडे राहील.

आयुक्तांची किंवा मुख्याधिकाऱ्यांची नुसती सही पुरेशी मानू नका. अधिकारी बदलून जातात. स्थायी समितीचा किंवा सर्वसाधारण सभेचा ठराव क्रमांक करारावर असला पाहिजे.

पाणी

सगळ्या लेखातला हाच भाग दोनदा वाचण्यासारखा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात बागेचा आराखडा पाण्याच्या हिशेबावर बसवायचा असतो. जुन्या बागा करणाऱ्यांनी तेच केलं होतं. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि डोंगरापायथ्याचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उतारावर, शहरात आणलं. लहान गावांतही हौदाला खापरी नळाने पाणी येत असे. तुमच्या बागेतल्या हौदाला येणारी वाट शोधा: भिंतीतली चौकोनी भोकं, मातीत सापडणारे खापरी तुकडे, दगडी पन्हाळ. ती चालू होईलच असं नाही, पण उतार कुठून कुठे आहे हे ती सांगते. नवं ठिबक त्याच वाटेने नेलं तर खोदकामही वाचतं.

विहीर असेल तर प्रथम गाळ काढा. इथे जीव जातात, म्हणून स्पष्ट लिहितो. वर्षानुवर्षं बंद असलेल्या विहिरीत विषारी वायू साठतो. आत उतरण्याआधी ब्लोअरने हवा सोडा, उतरणाऱ्याच्या अंगाला दोर आणि पट्टा, वर किमान दोन माणसं. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीच्या आत कधीही ठेवायचं नाही. त्याच्या धुराने माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. हे काम उत्साही कार्यकर्त्यांचं नाही, विहिरीचं काम करणाऱ्यांचंच.

गाळ निघाला की उपसा चाचणी. ती मे महिन्यात करा. जानेवारीतली चाचणी गोड खोटं बोलते. विहीर रिकामी करून पंप बंद करायचा आणि बारा तासांत पाणी किती चढलं ते टेपने मोजायचं. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, ०.७८५ ने गुणा, मग चढलेल्या उंचीने गुणा, येतात घनमीटर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत बारा तासांत एक मीटर पाणी चढलं तर साडेबारा हजार लिटर झाले. त्यातलं निम्मंच आपलं धरा, बाकी आजूबाजूच्या बोअरचं.

आता गरज. एक एकर, म्हणजे चाळीस गुंठ्यांच्या बागेत दीडशे नवी झाडं धरली आणि उन्हाळ्यात प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा वीस लिटर दिलं, तर आठवड्याला सहा हजार लिटर. ठिबकवरची सहाशे झुडपं, दिवसाआड दोन लिटर: चार हजार दोनशे. आणि फक्त पाच गुंठे लॉन, चौरस मीटरला रोज पाच लिटरने: साडेसतरा हजार. बागेचा आठवा हिस्सा बाकी सगळ्या बागेपेक्षा जास्त पाणी पितो. मुलांना खेळायला हिरवळ हवीच असेल तर दीड-दोन गुंठे ठेवा, तीही हरळीची. हरळी मेमध्ये पिवळी पडते आणि मृगाच्या पावसाने परत उठते. तिला पिवळं पडू द्यायचं, एवढंच लोकांना आधी सांगून ठेवायचं.

पाण्याचे आणखी चार मार्ग पाहा. शेजारच्या शाळेचं २०० चौरस मीटरचं छत, ७०० मिलिमीटर पाऊस आणि वीस टक्के घट धरली तर वर्षाला एक लाख बारा हजार लिटर देतं. ते गाळणखड्ड्यातून विहिरीत सोडा: दीड मीटर लांब-रुंद-खोल, तळाला मोठे दगड, मग खडी, वर धुतलेली वाळू. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्या आणि वाळूचा वरचा थर दरवर्षी मेमध्ये धुवा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात खड्डा तुंबतो. रस्त्याच्या नालीचं पाणी मात्र कुठल्याही गाळणीने विहिरीत नेऊ नका.

शेजारी मशीद असेल तर वजूचं, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याचं, पाणी हा फार चांगला स्रोत. साबण नसतो, रोज पाच वेळा ठरलेलं येतं, आणि नालीत जाण्यापेक्षा झाडाला गेलेलं सर्वांनाच आवडतं. स्वतंत्र पाइप आणि एक हजार लिटरची टाकी, एवढ्यात काम होतं. टाकी दर दोन दिवसांनी रिकामी झालीच पाहिजे, नाहीतर वास येतो. तिसरा मार्ग टँकर. तो फक्त एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंतचा, आणि त्याचा खर्च आधीच बाजूला ठेवलेला. चौथा मार्ग म्हणून जारच्या पाण्याचे प्लांटवाले त्यांचं वाया जाणारं पाणी फुकट देऊ करतात. नुसतं ते देऊ नका. क्षार एकवटलेले असतात, काळ्या मातीत साठत जातात आणि वर्ष-दोन वर्षांत पानांच्या कडा करपतात.

दगड आणि चुना

कोट, कमान आणि हौद दुरुस्त करताना सगळ्यात जास्त नुकसान सिमेंट करतं. जुनं बांधकाम चुन्यातलं असतं आणि भिंतीत आलेली ओल सांध्यातून बाहेर पडते. सांधे सिमेंटने बंद केले की ओल विटेतून आणि गिलाव्यातून वाट काढते, क्षार पृष्ठभागावर येऊन फुगतात आणि पोपडे निघतात. वर सिमेंट भिंतीपेक्षा कडक. भिंत हलली की ते एकसंध सुटतं आणि त्या फटीत पाणी शिरतं. दर्शनी दगडाला ऑइल पेंट लावणं हा दुसरा गुन्हा. तो काढायला लावण्याच्या कितीतरी पट खर्च येतो.

चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, आणून भिजवा. पाण्यात चुनकळी टाकायची, चुनकळीवर पाणी नाही. उसळी मारते, डोळ्यांना चष्मा हवाच. गाळून घेतलेला चुना पाण्याखाली किमान तीन आठवडे मुरू द्या. पाण्याशी संबंध येतो त्या हौदासाठी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालावीच लागते: एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग धुतलेली वाळू. सुरखी मध्यम भाजलेल्या देशी विटांची; फार भाजलेल्या काळपट विटांची भुकटी चुन्याशी नीट धरत नाही. मिश्रण चुन्याच्या घाण्यात किंवा मॉर्टर मिलमध्ये दळलं पाहिजे, फावड्याने कालवलेलं चालत नाही.

सांधा हाताच्या छिन्नीने दोन-अडीच सेंटिमीटर खोल मोकळा करा. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा कापल्या जातात. भुगा झाडून पाणी मारा, सांधा ओला पण पाणी न ठिबकणारा हवा. चुना एका वेळी सेंटीमीटरभरच भरा आणि दाबा. पहिला थर कडक झाल्यावर दुसरा. एकदम भरला तर मधे आक्रसून केसासारखी फट पडते. नंतर दोन आठवडे ओलं बारदान टांगून ठेवायचं. म्हणूनच हे काम दसऱ्यानंतर माघापर्यंतच. मेच्या उन्हात चुना पकडण्याआधी वाळतो आणि बोटाने खरवडला तरी भुकटी होते. आधी एक चौरस मीटर नमुना करून महिनाभर पाहा आणि मगच ठेकेदाराला पुढचं काम द्या. जातिवंत चुन्याचं काम करणारे गवंडी आता कमी आहेत. इंटॅक या वारसा जतन करणाऱ्या संस्थेच्या स्थानिक शाखेकडे किंवा वारसा जतन करणाऱ्या वास्तुविशारदाकडे विचारलं तर पत्ता लागतो.

भिंतीत उगवलेला पिंपळ ओढून काढू नका, सोबत दगड येतात. बुंधा कापून ताज्या कापावर माहीतगार माणसाकडून औषध लावून घ्या, मुळं सुकल्यावर पोकळीत पातळ चुना भरा.

हौदात पाणी वर्षातले आठ महिने नसेल, हे गृहीत धरूनच तो सुंदर दिसला पाहिजे. तळ साफ, दगड मोकळे, सांधे नीट. पाणी ठेवलं तर आठवड्याला उपसून एक दिवस कोरडा ठेवा, नाहीतर गप्पी मासे सोडा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच होतो. खोल हौदाला पाण्याखाली अर्ध्या फुटावर जाळी बसवा. लहान पोर पडलं तर जाळीवर राहतं आणि दिसायला काही बिघडत नाही.

वाटा

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट बसवलेले पेव्हर पहिल्याच वर्षी दात काढतात. अर्धा मीटर काळी माती उचला, दगडांचं सोलिंग करा, त्यावर मुरूम पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून रोलरने दाबा. नुसती दाबलेल्या मुरमाची वाट सगळ्यात स्वस्त, पायाला मऊ आणि जुन्या बागेला शोभणारी. दोन वर्षांनी वरचा थर पसरावा लागतो. रुंदी दोन मीटर, म्हणजे व्हीलचेअर आणि चालणारे एकमेकांना ओलांडू शकतात. आडवा उतार पन्नासास एक. फाटकाशी पायरी असेल तर बाजूला उताराची वाट, चढ बारास एक.

जुन्या झाडाच्या पानोऱ्याखाली जेसीबी आणायचा नाही आणि बुंध्याभोवती किमान एक मीटर जमीन उघडी ठेवायची. गोल सिमेंटचा पार बांधून त्यात माती भरणं हे झाडाचं गळा दाबून मारणं आहे. मरायला पाच-सात वर्षं लागतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

झाडं

जुनी झाडं वाचली की निम्मी बाग झाली. नव्यात कडुनिंब, चिंच, करंज, उंबर, बहावा, पळस, कवठ, आवळा, बोर आणि कोपऱ्यात बालाघाटची सीताफळं. फळझाडं लावा, पोरं दगड मारतील, मारू द्या, ती झाडं तोडली जात नाहीत. कोनोकार्पस टाळा, गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. सुबाभूळ तर नकोच, ती आपल्या आपण येते.

खड्डे एप्रिलमध्ये खणा आणि उन्हात तापू द्या. काळ्या मातीत साठ सेंटिमीटरचा घनखड्डा, मुरमाड जागेत नव्वदचा. भरताना दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत. लागवड मृगाच्या पहिल्या सरीवर नाही. आर्द्रात, दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल वीतभर खाली गेल्यावर. रोप दीड-दोन मीटर उंचीचं घ्या, पिशवी उलटून बघा. मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर परत करा. प्लास्टिक पिशवी पूर्ण फाडूनच लावा, “तळ फक्त कापला” हे चालत नाही. बुंध्याभोवती दहा सेंटिमीटर पाचोळा पसरा, पण खोडाला टेकू देऊ नका, वाळवी चढते.

पाचोळा जाळायचा नाही. जाळीचे तीन पिंजरे, प्रत्येकी चार फूट लांब-रुंद, तीन फूट उंच. एक भरत असताना दुसरा कुजतो, तिसऱ्यातलं खत वापरात. वर आठवड्यातून दोनदा पाणी आणि अधूनमधून शेणकाला, बस.

बाक, दिवे, संडास

ग्रॅनाइटचा बाक एप्रिल-मेत संध्याकाळी सातलाही चटका देतो. लाकडी पट्ट्यांचे, पाठ आणि हात असलेले, ४५ सेंटिमीटर उंचीचे बाक म्हाताऱ्यांना उठायला सोपे. ते दुपारनंतर सावली येते त्या बाजूला. दिवे चार-पाच मीटर उंच, पिवळसर प्रकाशाचे, वाटेवर. झाडाच्या बुंध्यात रंगीत फोकस नकोत. लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आणि वेगळं अर्थिंग.

शौचालय बांधायचं तर रोज धुणाऱ्या माणसाचा पगार ठरल्यावर. नाहीतर महिन्याभरात त्याला कुलूप लागतं आणि मागची भिंत मुतारी होते.

पैसा

आमदार निधी, जिल्हा नियोजन समिती, पालिकेचं अंदाजपत्रक ही सगळी दारं बांधकामाची. माळ्याच्या पगाराला त्यातून दमडी मिळत नाही. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीत, ऐतिहासिक स्थळांची दुरुस्ती आणि पर्यावरण दोन्ही बसतं, पण पैसे घेणाऱ्या संस्थेकडे आयकर खात्याची १२ए व ८०जी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाची सीएसआर-१ नोंदणी लागते, शिवाय तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास. नवं मंडळ असेल तर जुन्या, पात्र संस्थेला भागीदार करा.

म्हणून हिशेब मागून सुरू करा. एकराला एक पूर्णवेळ माळी, किमान वेतनाप्रमाणे, पहारेकरी, अडीच महिन्यांचे टँकर, पंप-ठिबक दुरुस्ती, अवजारं. याची वर्षाची बेरीज करा, तिप्पट करा. एवढी रक्कम मुदत ठेवीत किंवा लेखी हमीत आल्याशिवाय कमानीला हात लावू नका. रक्कम जमत नसेल तर काम कमी करा: पहिल्या वर्षी विहीर, कोट आणि जुनी झाडं, बाकीचं पुढच्या वर्षी. घरटी महिना वीस-पन्नास रुपये वर्गणी छोटी वाटते, पण ती देणारा माणूस नळ उघडा दिसला तर बंद करतो. खातं दोन सह्यांचं, त्यातली एक बाईची. जमाखर्च दर महिन्याच्या पाच तारखेला फाटकावरच्या फळ्यावर, खडूने.

वर्षाचं चक्र

मे: गाळणखड्ड्याची वाळू धुणं, विहिरीची पातळी, टँकर. जून-जुलै: लागवड, नाल्या साफ. ऑगस्ट-सप्टेंबर: गाजर गवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटणं, हातमोजे घालून, फूल आल्यावर उपटलं तर बी पसरतं आणि अंगाला खाज सुटते. ऑक्टोबर ते जानेवारी: चुन्याचं काम, वाळलेल्या फांद्यांची परवानगी घेऊन छाटणी. फेब्रुवारी-मार्च: आच्छादनाचा नवा थर, ठिबकची प्रत्येक तोटी उघडून बघणं, कडक पाण्याने तिसऱ्या वर्षापर्यंत निम्म्या तोट्या बंद पडलेल्या असतात आणि वरून पाइप ठीकच दिसतो.

दरवर्षी ३१ मेला झाडांची वही घेऊन क्रमांकानिशी फेरी मारा. जगलं, मेलं, चोरीला गेलं. मेलेल्याच्या जागी लगेच रोप लावू नका, खणून बघा. मुळाशी पाणी साचून कुजलं, की वाळवी, की तिथवर ठिबक पोचलंच नव्हतं? कारण वहीत लिहा, मग त्या जागी काय लावायचं ते ठरवा. चौथ्या वर्षीच्या फेरीनंतर तीच वही आणि फळ्यावरचे हिशेब जोडून कराराच्या नूतनीकरणाचा अर्ज आवक-जावकमध्ये देऊन पोच घ्या; पाचवं वर्ष संपायची वाट पाहिली तर मधल्या काळात माळ्याचा पगार अडकतो.